तण मारायचे, क्लोव्हर राखायचे

ज्वारीच्या दोन ओळींमधून कोळपे फिरवले की तण उपटले जाते आणि पीक राहते. हे जमते, कारण पीक ओळीत उभे असते आणि तण वाटेल तिथे. ज्वारी कोणती आणि तण कोणते हे कोळप्याला कळावे लागत नाही, ओळ सांभाळली की पुरे. पण पीक ओळीत नसेल तर? बी फोकून पेरले असेल, रोपे जमिनीलगत पसरून एकमेकांत गुंतली असतील आणि तणही तेवढ्याच उंचीचे, तसल्याच रुंद पानांचे असेल तर काय करायचे? अशा वेळी पीक आणि तण यांच्यात दुसरा एखादा फरक शोधावा लागतो. असे फरक माणसाने कसकसे शोधले, याचा इतिहास आपण या लेखात पाहणार आहोत. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेत हरणांसाठी पेरल्या जाणाऱ्या क्लोव्हरचे.

हरणांसाठी पेरणी

क्लोव्हर आपल्याकडे फारसे परिचित नाही, पण त्याचे नातलग आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. मेथीची जुडी सोडून एक पान हातात घ्या. एका देठावर तीन पर्णिका दिसतील. लसूणघासाचे पानही तसेच. मेथी, लसूणघास आणि क्लोव्हर ही एकाच कुळातली, एकमेकांची चुलत भावंडे. पांढऱ्या फुलांच्या क्लोव्हरचे खोड जमिनीवर सरपटत जाते आणि पेरापेराला मुळे धरते. पाला कोवळा, प्रथिनांनी भरलेला आणि सहज पचणारा असतो. त्यामुळे गाईगुरांप्रमाणे हरणांनाही तो आवडतो.

उत्तर अमेरिकेतले पांढऱ्या शेपटीचे हरीण हे आपल्या चितळ-सांबरांच्या कुळातले. एकोणिसाव्या शतकात मांसासाठी आणि कातड्यासाठी त्याची बेसुमार शिकार झाली. १९०० च्या सुमारास संपूर्ण अमेरिकेत ही हरणे जेमतेम पाच लाख, कदाचित त्याहूनही कमी उरली असावीत असा अंदाज आहे. त्याच वर्षी लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आली. १९३३ मध्ये आल्डो लिओपोल्ड यांचे वन्य प्राण्यांच्या व्यवस्थापनावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. नुसत्या शिकारबंदीने भागत नाही, प्राण्यांना अन्न आणि आसरा देणारी जमीन राखली पाहिजे, हा विचार त्यातून रुजला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांवरच्या कराचे उत्पन्न राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळू लागले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हरणांची संख्या दोन-तीन कोटींच्या घरात गेली असावी. आता काही जंगलांत ती इतकी झाली आहेत की झाडांची नवी रोपे ती वरच्या वर खाऊन टाकतात. तरीही जंगलाच्या कडेला, मोकळ्या जागेत हरणांसाठी चाऱ्याचे तुकडे पेरण्याची प्रथा शिकारी आणि जमीनमालक यांच्यात वाढतच गेली. या तुकड्यांत सर्वांत आवडते पीक म्हणजे क्लोव्हर. पण पेरणीनंतर काही आठवड्यांतच मालकाला दिसते की क्लोव्हरबरोबर न पेरलेलेही बरेच काही उगवले आहे.

जमिनीतली साठवण

हे न पेरलेले येते कोठून? १८७९ साली मिशिगनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी निरनिराळ्या वनस्पतींचे बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरले आणि बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची आणि कोणते बी अजून रुजते ते पाहायचे, असा हा प्रयोग. बील गेले, त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी प्रयोग चालू ठेवला. २०२१ साली, म्हणजे १४२ वर्षांनी उकरलेल्या बाटलीतलेही एका तणाचे बी रुजले! नांगरट केली की जमिनीत वर्षानुवर्षे निजलेले असे बी उजेडात येते आणि उगवते.

बील यांच्या बाटल्यांतल्या बियांची यादी वाचली तर मराठी वाचकाला गंमत वाटेल. त्यात आपली घोळ आहे, म्हणजे आपण जिची भाजी करतो तीच. माठाचा एक भाऊबंद आहे. आणि पांढरे क्लोव्हरही आहे! क्लोव्हरच्या नव्या तुकड्यात अमेरिकन शेतकऱ्याला हमखास सतावणारे आणखी एक तण म्हणजे चाकवत. आपण ताकातल्या भाजीसाठी तो मंडईतून विकत आणतो. तण ही काही वनस्पतींची वेगळी जात नव्हे, हे यावरून मुलांच्या सहज लक्षात येईल. नको तिथे उगवते ते तण.

उंचीतला फरक, बियांतला फरक

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या सर रिचर्ड वेस्टन यांनी फ्लँडर्समधली, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातली क्लोव्हरची शेती पाहिली आणि आपल्या देशबांधवांना तिची शिफारस केली. पुढे धान्य, कंद आणि क्लोव्हर यांची फेरपालट इंग्लंडमध्ये रूढ झाली. क्लोव्हरची वर्षातून दोन-तीनदा कापणी होत असे आणि कापणीबरोबर तणही कापले जाई. आता पाहा, कापणी दोघांचीही सारखीच होते, मग फायदा क्लोव्हरचा कसा? पांढऱ्या क्लोव्हरचे वाढीचे कोंब सरपटणाऱ्या खोडावर, जमिनीलगत असतात. विळा वरून जातो आणि कोंब सुरक्षित राहतात. काटेरी तणांचे, चाकवताचे शेंडे मात्र उंचावर असतात. फुलोऱ्यापूर्वी ते कापले तर बी धरत नाही. बहुवर्षायू तण पुन्हा फुटते, पण त्यासाठी मुळांतला अन्नसाठा खर्च करते आणि प्रत्येक कापणीगणिक अशक्त होते. म्हणजे विळाही निवड करतो, वाढीचे कोंब किती उंचीवर आहेत यावरून. हरणांच्या तुकड्यात आजही हाच पहिला उपाय आहे. वीतभर उंची राखून, तण फुलण्याआधी कापणी करायची.

दुसरा उपाय पेरणीच्याही आधीचा. क्लोव्हरचे बी बारीक आणि महाग, त्यामुळे त्यात भेसळ फार होई. जर्मनीत थारांट येथे फ्रीड्रिख नोब्बे यांनी १८६९ मध्ये जगातले पहिले बीज-परीक्षण केंद्र सुरू केले. बाजारातल्या बियाण्यात त्यांना काय काय सापडले! क्लोव्हरच्या बियांएवढे चाळलेले आणि त्यांच्याच रंगात रंगवलेले वाळूचे खडेही भेसळीसाठी विकले जात होते. त्याच साली इंग्लंडमध्ये बियाण्यातल्या भेसळीविरुद्ध कायदा झाला. जुने, मेलेले बी रंगवून ताजे म्हणून खपवणे हा त्यात गुन्हा ठरला.

खड्यांमुळे पैसे बुडत, पण अमरवेलीच्या बियांमुळे शेत बुडे. अमरवेलीला पाने नाहीत, हरितद्रव्य जवळजवळ नाही. क्लोव्हर किंवा लसूणघासाला विळखा घालून ती त्याचाच रस शोषते. आपल्याकडे लसूणघास लावणाऱ्या शेतकऱ्याला हे पिवळे जाळे चांगलेच ठाऊक आहे. एकदा विळखा पडला की पिकासकट कापून जाळण्यावाचून इलाज नसतो. म्हणून तिचे बी पेरणीपूर्वीच वेगळे करायला हवे. पण आकाराने दोन्ही बिया जवळपास सारख्या, चाळणीचा उपयोग होत नाही. इथे आणखी एक फरक कामी आला. क्लोव्हरचे बी गुळगुळीत असते, अमरवेलीचे खरखरीत. बी किंचित ओलसर करून त्यात लोखंडाची बारीक पूड मिसळली तर ती खरखरीत बियांना चिकटते, गुळगुळीत बियांवरून घसरते. मग चुंबकाच्या रुळावरून बी सोडले की अमरवेल रुळाला चिकटून राहते आणि क्लोव्हर पुढे निघून जाते. शाळेतल्या लोहकीस आणि वाळूच्या प्रयोगाचाच हा शेतातला अवतार.

क्लोव्हरच गवताला बोलावते

तिसरा फरक समजण्यासाठी मुळांकडे वळू या. १८८६ मध्ये जर्मनीतील हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी दाखवून दिले की शिंबावर्गीय वनस्पतींना हवेतला नत्र मिळतो, आणि तो त्यांच्या मुळांवरच्या गाठींमुळे मिळतो. दोन वर्षांनी हॉलंडमधील बायेरिंक यांनी गाठींतले जिवाणू वेगळे काढले. क्लोव्हर या जिवाणूंना साखर पुरवते आणि जिवाणू तिला नत्र देतात.

पण याचा एक परिणाम असा होतो की दोन-तीन वर्षांत क्लोव्हरचा पाला आणि मुळे कुजून जमिनीत नत्र साठतो. गवताला स्वतः नत्र मिळवता येत नाही, पण तयार मिळाला तर ते झपाट्याने वाढते. जिथे नत्र कमी तिथे क्लोव्हर वरचढ आणि जिथे भरपूर तिथे गवत वरचढ. म्हणजे क्लोव्हर आपल्याच कष्टाने आपला प्रतिस्पर्धी पोसते! क्लोव्हरच्या जुन्या तुकड्यात गवत शिरते ते मालकाच्या आळसामुळेच असे नाही, ते जमीन सुपीक झाल्याचेही लक्षण असते. अशा वेळी तुकडा मोडून तिथे गहू किंवा ओट पेरावे आणि साठलेला नत्र त्या पिकाला वापरू द्यावा हे उत्तम. वेस्टन यांच्या काळच्या फेरपालटीमागचे हे कारण अडीचशे वर्षांनी कळले.

गाठींच्या अभ्यासातून निघालेले विष

याच गाठींच्या अभ्यासातून विसाव्या शतकातल्या एका मोठ्या शोधाला वाट फुटली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे नटमन आणि थॉर्नटन हे क्लोव्हरच्या गाठींवर काम करत होते. गाठी करणारे जिवाणू इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल हे वनस्पतींच्या वाढीचे संजीवक तयार करतात हे माहीत होते. गाठी होण्यात त्याचा काही वाटा आहे का, हे तपासताना त्यांना दिसले की अगदी सौम्य प्रमाणातही ते क्लोव्हरच्या रोपांची वाढ रोखते. जे वाढवणारे म्हणून ओळखले जाते तेच जास्त झाल्यावर मारक ठरते, आणि ओटसारख्या एकदल वनस्पतींवर त्याचा तेवढा परिणाम होत नाही! मातीतले जिवाणू हे आम्ल लवकर नष्ट करतात, म्हणून त्यांचे सहकारी क्वास्टेल यांच्याबरोबर अधिक टिकाऊ संयुगाचा शोध सुरू झाला. त्यातून २,४-डी पुढे आले.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीचे टेंपलमन आणि अमेरिकेतले दोन गट स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाकडे येत होते. युद्धामुळे बरेच काम गुप्त राहिले आणि इंग्लंडमधले निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षापासून अमेरिकेत २,४-डी बाजारातही मिळू लागले. गहू, मका अशा एकदल पिकांतली रुंद पानांची तणे आता फवारणीने मरू लागली.

क्लोव्हरसाठी मात्र हा शोध घातक होता, कारण तेही रुंद पानांचे. तोवर अमेरिकेत घरापुढच्या हिरवळीच्या बियाण्यात पांढरे क्लोव्हर मुद्दाम मिसळत असत. २,४-डी फवारले की हिरवळीतल्या इतर तणांबरोबर तेही मरे. औषधाला हा भेद करता येईना, तेव्हा लोकांनी भेदच सोडून दिला आणि क्लोव्हरला तणांच्या यादीत टाकले. तणाची व्याख्या इथे हातातल्या हत्याराने ठरवली.

तणाकडूनच विष करवून घेणे

चारा पिकवणाऱ्याला मात्र क्लोव्हर हवेच होते. रुंद पानांचे तण मरेल आणि रुंद पानांचे क्लोव्हर जगेल असे औषध शक्य आहे का? उत्तर सापडले ते कुत्र्यांवर झालेल्या एका जुन्या प्रयोगाच्या आधाराने.

१९०४ मध्ये जर्मनीत फ्रान्झ क्नूप यांनी कुत्र्यांना मेदाम्ले खाऊ घातली. प्रत्येक मेदाम्लाच्या टोकाला त्यांनी बेन्झीनचे वलय जोडले होते. शरीर हे वलय तोडू शकत नाही, त्यामुळे ते खुणेच्या चिठ्ठीसारखे लघवीतून बाहेर येते. क्नूप यांना आढळले की साखळीत कार्बनचे अणू सम असोत वा विषम, शेवटी उरणारे पदार्थ दोनच प्रकारचे. सम साखळीचा शेवट एका पदार्थात, विषम साखळीचा दुसऱ्यात. याचा अर्थ असा की शरीर साखळी एकेका अणूने नव्हे, तर दोन-दोन अणूंनी तोडते. या क्रियेला बीटा-ऑक्सिडीकरण म्हणतात.

केंटमधल्या वाय कॉलेजात राल्फ लुई वेन यांनी १९५० च्या दशकात हीच कल्पना वनस्पतींना लावली. २,४-डीच्या वलयाला दोन कार्बनची शेपटी असते. ती लांबवून तीन, चार, पाच, सहा कार्बनची केली तर? चार आणि सहा कार्बनची संयुगे काही वनस्पतींवर परिणाम करत, तीन आणि पाचची करत नसत. सम शेपटीचे दोन-दोन अणू तुटत गेले की शेवटी २,४-डी उरते. विषम शेपटी तुटत गेली की वनस्पतीला संजीवकासारखे न भासणारे भलतेच संयुग उरते.

पण महत्त्वाचे निरीक्षण पुढचे आहे. चार कार्बनच्या संयुगाने, म्हणजे २,४-डीबीने, काही तणे मेली आणि क्लोव्हर जगले. २,४-डीबी हे स्वतः फारसे मारक नाही. ज्या तणांत शेपटी तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, जोमाने काम करतात, ती तणे आपल्याच पेशींत त्याचे २,४-डी करतात आणि मरतात. क्लोव्हर आणि लसूणघास यांत हे रूपांतर पुरेसे होत नाही, म्हणून ती वाचतात. पुढच्या संशोधनात कळले की गोष्ट एवढी सरळ नाही. औषध पानात किती शिरते, किती वेगाने बदलते यालाही महत्त्व आहे, आणि लसूणघास तर शेपटी तोडण्याऐवजी उलट ती लांबवते. पण मूळ तत्त्व टिकले. कोळपे ओळ पाहते, विळा उंची पाहतो, तसे हे औषध पेशीतले विकर पाहते. क्लोव्हरमधला कोवळा चाकवत आणि माठ यांवर ते चालते. तण मोठे झाले की त्याचा जोर कमी पडतो.

गवताचे काय?

२,४-डीबीने गवत मरत नाही, आणि जुन्या क्लोव्हरमध्ये खरा त्रास गवताचाच. त्यावरचा उपाय १९८० नंतर आला. सेथॉक्सिडिम, फ्लुअ‍ॅझिफॉप आणि त्यानंतरचे क्लेथोडिम ही औषधे फक्त गवतवर्गीय वनस्पती मारतात. आधी त्यांचा वापर सुरू झाला, कारण नंतर कळले. १९८७-८८ च्या सुमारास दिसून आले की ही औषधे मेदाम्ले तयार करण्याच्या पहिल्या पायरीवरचे विकर बंद पाडतात. मग क्लोव्हर कसे वाचते? तेही मेदाम्ले तयार करतेच की! बहुतेक द्विदल वनस्पतींच्या हरितलवकात हे विकर अनेक सुट्या भागांचे असते, जिवाणूंमध्ये असते तसे. गवतांत ते एकाच मोठ्या रेणूचे असते आणि हे औषध तेवढ्यालाच अडवते.

पण असा फरक कायमचा नसतो. १९८२ मध्येच दक्षिण ऑस्ट्रेलियातून या प्रकारच्या एका औषधाला दाद न देणाऱ्या राय गवताची नोंद आली. लाखो रोपांत एखाद्याचे विकर किंचित वेगळे असते किंवा एखादे रोप औषध पचवू शकते. दरवर्षी तेच औषध फवारले की तेवढेच उरते आणि त्याचीच संतती वाढते. निवड आपण करत असतो तशी तणही करून घेत असते. म्हणून विळा, फेरपालट, आम्लधर्मी जमिनीत चुना आणि स्वच्छ बियाणे हे जुने उपाय आजही सोडता येत नाहीत.

कासनीची गोष्ट

शेवटी एका निळ्या फुलाच्या वनस्पतीबद्दल. उत्तर भारतात जनावरांसाठी बरसीम पिकवतात. तेही क्लोव्हरच, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमधून आलेले. बरसीममधले एक त्रासदायक तण म्हणजे कासनी, कॉफीत मिसळतात त्या चिकोरीची जात. बी बरसीमबरोबर येते, म्हणून शेतकऱ्याला सल्ला दिला जातो की पेरणीपूर्वी बी मिठाच्या पाण्यात टाका. कासनीचे हलके बी तरंगते, ते काढून फेका आणि खाली बसलेले बरसीम स्वच्छ पाण्याने धुऊन पेरा.

अमेरिकेत हरणांसाठी क्लोव्हर पेरणारे मात्र तीच चिकोरी मुद्दाम विकत घेऊन क्लोव्हरमध्ये मिसळतात! न्यूझीलंडमध्ये १९८५ साली चाऱ्यासाठी तिचे खास वाण प्रसारित झाले आणि पुढे ते हरणांच्या तुकड्यांत पोचले. तिची मुळे खोल जातात, उन्हाळ्यात क्लोव्हर मंदावले तरी तिची पाने हिरवी राहतात. पण एकदा ती पीक ठरली की २,४-डीबी वापरता येत नाही, कारण ते तिलाही अपाय करते. तिथे फक्त गवत मारणारी औषधे आणि विळा उरतो.

वर्गात करण्याजोगे

मेथी, मोहरी, नाचणी आणि खसखस यांचे बी एकत्र करून मुलांना द्यावे. चाळणी, सूप, उतरता कागद, खरखरीत कापड आणि मिठाचे पाणी एवढीच साधने ठेवावीत. कोणते बी कशाने वेगळे होते आणि कोणत्या गुणातला फरक तिथे उपयोगी पडला, याची नोंद मुलांनी करावी. मिठाचे प्रमाण बदलून काय तरंगते हे त्यांनीच पाहावे.

दुसरा उपक्रम मेथीचा. मोकळ्या जमिनीत वाढलेले मेथीचे रोप मातीसकट अलगद उपटून मुळे धुवावीत आणि गाठी शोधाव्यात. एखादी गाठ ब्लेडने कापून आतला रंग पाहावा. गुलाबी असेल तर नत्राचे काम चालू आहे असे समजावे. तिसरा उपक्रम शाळेच्या आवारातला. एक चौरस मीटर जागा आखून तिथली प्रत्येक वनस्पती मोजावी आणि घरी आजीला विचारावे की यातली भाजी कोणती, औषधी कोणती आणि उपटून टाकायची कोणती. तीन घरांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर त्या बहुधा सारख्या नसतील. त्या का जुळत नाहीत, इथून तणांवरचा धडा सुरू करता येईल.